गावांच्या नावाचे फोल्डर

बदलीचा आदेश आला तेव्हा माझ्या लॅपटॉपची एक बिजागरी तुटलेली होती. पडदा मागं पडू नये म्हणून त्याला भिंतीचा टेकू द्यावा लागे. चार्जर काढला की तो बंद पडायचा आणि तापला की पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा यायचा. माझ्या नोकरीचे आणि घरचे मिळून होते तेवढे सगळे फोटो त्यात होते. नवीन ठिकाणी जाण्याआधी ते बाहेरच्या ड्राइव्हवर काढून घ्यायचे, हे काम मी किती दिवस पुढं ढकलत होते. आता ते ढकलण्यासारखं राहिलं नव्हतं, आणि त्याचं कारण बदली नव्हती.

मी कृषी सहायक. आमच्या नोकरीत फोटोशिवाय काही घडत नाही. शेततळं खोदलं, ठिबक बसवलं, फळबाग लावली, गारपिटीनं पीक गेलं, काहीही असो. जागेवर जाऊन फोटो काढावा लागतो. तो कसा काढायचा तेही ठरलेलं. वस्तू मधोमध, शेजारी लाभार्थी, लाभार्थ्याचा एक हात वस्तूवर, आणि फोटोच्या खाली पट्टी. पट्टीत गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ. पट्टी नसेल तर वरचे लोक फोटो परत पाठवतात. त्यामुळं माझ्या फोनमध्ये पट्टी उमटवणारा कॅमेराच कायम चालू असे. घरच्या कार्यक्रमात तो बदलून साधा कॅमेरा लावावा, हे मला कधी सुचलं नाही. मुलीच्या वाढदिवसाच्या केकखाली अक्षांश-रेखांश आहेत. भावजयीच्या ओटभरणाला आहेत. जयंतीच्या मिरवणुकीत माझी मावशी निळा फेटा बांधून नाचते आहे, तिच्या पायाशीही आहेत.

नवरा नांदेडला शाळेत शिकवतो. तो एकदा हे सगळं बघत बसला आणि म्हणाला, "संसाराचा पंचनामा केलायस तू. नुकसान किती टक्के धरलं तेवढं सांग."

"तेहतीसच्या वर असतं तर भरपाई मागितली असती," मी म्हटलं.

खोड पट्टीपुरती नव्हती. ऑफिसात फोटो गावनिहाय मागतात, म्हणून मी फोल्डर गावांच्या नावानं करत गेले. पहिली नेमणूक लोह्याला, मग माळाकोळी, मग भोकर, किनवट, काही दिवस माहूर आणि शेवटी इस्लापूर. माळेगावच्या यात्रेत कृषी प्रदर्शनाची ड्यूटी लागायची, त्याचा एक फोल्डर. सासर अहमदपूरचं, माहेर लातूरचं. घरचे फोटोही मी त्या त्या गावात टाकत गेले. लग्न, बारसं, सहल असे फोल्डर लोक करतात. माझ्याकडं तसं काही नव्हतं. नणंदेच्या लग्नाचे फोटो हवे असतील तर अहमदपूरच्या पाइपलाइनच्या फोटोंमधून वाट काढत जावं लागे.

आता खरं कारण सांगते. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी लातूरला माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. चालणं महिन्या-दीड महिन्यात काठीच्या आधारानं सुरू झालं. उजवा हात कमजोर राहिला. बोलणं गेलं. समजत सगळं होतं. म्हटलं तर उठत, म्हटलं तर औषध घेत. पण तोंडातून एकच शब्द निघायचा, "हाव". होकाराला हाव, नकाराला हाव, रागालाही हाव.

बाबा लाल गाडीवर कंडक्टर होते. सगळा जन्म बोलण्यात गेलेला माणूस. लातूर-माहूर ही लांब पल्ल्याची गाडी त्यांनी वर्षानुवर्षं केली. आमच्या घरातल्या फोटोंत ते फारसे दिसत नाहीत, कारण फोटो काढायची वेळ आली की ते बाहेर उभं राहून माणसं बसवत. "सरका आत. आजून जागा हाय. मधी पोकळ सोडू नका." सगळे बसेपर्यंत फोटो निघून गेलेला असे.

त्यांना बोलता येत नाही याचा अर्थ काय होतो, ते आम्हाला एका दाढेनं शिकवलं. दवाखान्यातून घरी आल्यावर काही दिवसांनी त्यांनी जेवण सोडलं. घास दिला की तोंड फिरवायचे. आई रडायला लागली, की यांनी आता जगण्यातून मन काढलं. शेजारपाजारचे येऊन धीर देऊन गेले. एकानं तर नातेवाइकांना बोलावून घ्या म्हणून सांगितलं. शेवटी मी रजा काढून गेले, बॅटरी घेऊन तोंडात बघितलं, तर खालची दाढ किडून हिरडी सुजलेली. दाढ काढली आणि त्याच दिवशी त्यांनी कढी-भात खाल्ला. एक माणूस आठवडाभर दाढेच्या ठणक्यानं उपाशी राहतो आणि दोन हातांवर बसलेल्या बायकोला ते सांगू शकत नाही. आईला या गोष्टीची धास्ती बसली. दाढेच्या जागी छाती असती तर, एवढंच ती म्हणायची.

मी विनंती बदली मागितली ती याच्यासाठी. लातूर जिल्हा मिळाला, पण गाव मिळालं जळकोट. म्हणजे रोज येऊन-जाऊन करण्यासारखं नाही. हजर व्हायला थोडेच दिवस होते. तेवढ्यात ठरवायचं होतं की आई एकटी बाबांना सांभाळू शकते का. नाहीतर दोघांना घर बंद करून माझ्या भाड्याच्या खोलीत यावं लागणार. नवऱ्यानं लातूरच्या एका काळजी केंद्राचं नाव काढलं, तर आई दोन दिवस जावयाशी बोलली नाही. जळकोटबद्दल तिचं म्हणणं होतं, "तिथं मला कोण वळखतं? अन् तू सकाळी जाशील शिवारात. मग तिथंबी मी अन् हे, अन् हाव."

बोलणं शिकवणारी बाई, म्हणजे वाचा-उपचार करणारी, तरुण मुलगी होती. तिनं सांगितलं, "मॅडम, त्यांच्या ओळखीचे फोटो दाखवा. घरचे, माणसांचे. एका वेळी एक. नाव विचारा आणि थांबा. सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात."

म्हणून ड्राइव्ह. आईबाबांच्या घरी मोठा टीव्ही आहे आणि त्याला मागं ड्राइव्ह लावायची जागा आहे. नांदेडच्या दुकानातून मी ड्राइव्ह आणला; चुन्याच्या डबीपेक्षा थोडा मोठा. लॅपटॉपपुढं टेबलफॅन लावला आणि एकेक गाव हलवायला घेतलं. हलवायला म्हणजे नक्कल करायला. मूळ जागच्या जागी ठेवून नक्कल उघडून बघितल्याशिवाय मी काही पुसत नाही. नोकरीत आलेला शहाणपणा आहे. इस्लापूरच्या फोल्डरवर यंत्र अडकलं. एक फोटो खराब होता, तो जाईना आणि पुढच्यांनाही जाऊ देईना. तो शोधून बाजूला काढला. पाण्यात बुडालेल्या सोयाबीनचा होता. गेला तर गेला.

कामाचे फोटो वगळून फक्त घरचे न्यावेत असा माझा बेत होता. पण निवडत बसले असते तर हजर व्हायची तारीख उलटून गेली असती. शेवटी आहे तसं सगळं ओतलं. पाइप, विहिरी, खताची पोती, माणसं, केक. तिकडं गेल्यावर निवडू म्हटलं.

लातूरला पोचले त्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर टीव्हीला ड्राइव्ह लावला. बाबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. आई शेंगा फोडत खाली बसली. मी लातूरचा फोल्डर उघडला आणि माझ्या मुलीचा फोटो लावला.

"बाबा, ही कोण?"

त्यांनी बघितलं. डोळ्यांत ओळख स्वच्छ दिसली. ओठ हलले. "हाव."

"नाव सांगा. सावकाश."

"हाव. हाव."

"अवो, नात हाय तुमची," आई खालून म्हणाली. "कडंवर घेऊन फिरीत होता की."

"माय, तू सांगू नको. त्यांना सांगू दे."

"बरं बाई. मी काय, मी शेंगा फोडते."

दुसरा फोटो दूर नोकरीला असलेल्या माझ्या भावाचा. तिसरा आईचा. आईच्या फोटोला त्यांनी मान खाली घातली आणि चौथ्याला भिंतीकडं तोंड केलं. मी ओळखीच्या माणसांची नावं विचारून त्यांची परीक्षा घेत होते आणि ते प्रत्येकात नापास होत होते, आईसमोर. हे चालू ठेवण्यात अर्थ नव्हता. मी फोटो बंद करून मागं आले. पडद्यावर फोल्डरांची यादी आली.

आईनं विचारलं, "हे काय गावं लिवलेत?"

"मी जिथं जिथं होते ती गावं, माय. त्यात फोटो आहेत."

"वाच बरं."

तिला अक्षरओळख आहे, पण लांबून दिसत नाही. मी रिमोटनं खाली सरकत वाचत गेले. यंत्रानं गावं बाराखडीच्या क्रमानं लावली होती. "अहमदपूर. इस्लापूर. किनवट. नांदेड. भोकर."

खाटेवर हात आपटल्याचा आवाज आला. बाबांनी डावा हात आपटला होता. "हाव!" हा नकार होता, सूर ओळखण्याइतकं आम्हाला एव्हाना येत होतं.

"माळाकोळी," मी पुढचं वाचलं. "माळेगाव. माहूर."

"हाव! हाव!" ते लाल झाले होते. आई उठली. मला वाटलं आणखी एक झटका येतो की काय. मी रिमोट ठेवून त्यांच्याजवळ गेले. त्यांनी माझं मनगट धरलं, तोंड वाकडं करून जोर लावला आणि म्हणाले, "ला."

"काय, बाबा?"

"लातूर."

आईच्या परडीतल्या शेंगा सांडल्या.

"लातूर. घरणी. चाकूर. चापोली. शिरूर. अहमदपूर." मध्ये श्वास घेतला. "माळाकोळी, माळेगाव, लोहा, सोनखेड, नांदेड." आता ते माझ्याकडं बघत नव्हते, गाडीत मागच्या सीटपर्यंत बघावं तसं बघत होते. "भोकर, हिमायतनगर, इस्लापूर, बोधडी, किनवट, सारखणी. माहूर." आणि माझं मनगट सोडून उशीला टेकले.

ज्या माणसानं आयुष्यभर ती गावं रस्त्याच्या क्रमानं पुकारली, त्याच्यापुढं मी ती बाराखडीच्या क्रमानं वाचली होती. इस्लापूरनंतर किनवट बरोबर आलं, पण किनवटनंतर नांदेड? गाडी उलटी फिरली काय? ते चिडले नसते तरच नवल.

आई म्हणाली, "बोलले. बाई, बोलले ना ते?" आणि मग त्यांच्याकडं वळून, "एवढी गावं आठवली, अन् माजं नाव तेवढं इसरलात व्हय?"

"हाव," बाबा म्हणाले.

मी लगेच वाचा-उपचारवाल्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "लगेच खूश होऊ नका, मॅडम. पाठ झालेलं वेगळ्या रस्त्यानं येतं. अंक, वार, प्रार्थना असं बोलता येतं पेशंटना. त्यातला एक शब्द वेगळा काढून, कामासाठी वापरता आला, तर पुढचं."

तिचं बरोबर होतं. संध्याकाळी मी विचारलं, "पाणी पाहिजे का?" तर हाव. "नको का?" तर हाव. लातूर म्हटलं की माहूरपर्यंत गाडी न थांबता जायची. मधल्या कोणत्याही गावाला उतरता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ते उतरले. ताट उचलणाऱ्या आईला म्हणाले, "माहूर."

"आता पुन्हा पहिल्यापासनं म्हणा," आई म्हणाली.

"माहूर." फक्त तेवढंच. परत, "माहूर."

आमच्या घरात छप्पन्न सालापासून देव्हारा नाही. आजोबांनी मोडला तो मोडला. त्यामुळं आई चपापली. "देवीला जायचं म्हणताव काय? या वयात? लोकं काय म्हणतील!"

बाबांनी डोळे मिटून घेतले. आईनं पाणी पुढं केलं, त्यांनी ते ढकललं. गोळी दिली, ढकलली. मी टीव्ही लावला आणि माहूरचा फोल्डर उघडला. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. संत्र्याचं रोप, शेजारी लाभार्थी. पाइप, शेजारी लाभार्थी. गडाच्या पायऱ्या. पुन्हा रोप. प्रत्येक फोटोला मी त्यांच्याकडं बघायचे, ते भिंतीकडं बघायचे. मग एका फोटोत गडाखालचं दुकान आलं; विड्याची पानं, बडीशेप, खोबरं घालून तांबूल कुटणारी बाई. तिथल्या देवीला तोच प्रसाद असतो. ऑफिसातल्या बायकांबरोबर गेले होते तेव्हाचा फोटो.

"हाव हाव हाव," बाबा म्हणाले आणि डाव्या हाताची बोटं तोंडाशी नेली.

आईनं कपाळावर हात मारला. "तांबूल! मुक्कामाच्या गाडीवर असले की पुडी बांधून आणायचे. आन् मला म्हणायचे, आपण देवीचं मानीत न्हाई, पानाचं मानतो."

डॉक्टरांना फोनवर विचारून घेतलं. सुपारी नको, चुना नको, चांगलं मऊ कुटून चमचाभर द्या. आईनं खलबत्त्यात पान कुटलं. त्यांनी ते बराच वेळ तोंडात फिरवलं. हिरवी लाळ सदऱ्यावर आली ती आईनं पुसली आणि म्हणाली, "आता कळलं. आता बोला."

मला पद्धत सापडली होती आणि पद्धत सापडली की मला बरं वाटतं. ते गाव म्हणतील, आपण त्या गावाचा फोल्डर उघडायचा, फोटो एकामागून एक लावायचे आणि त्यांच्याकडं बघायचं. लाभार्थ्यांचे फोटो मी निवडून टाकणार होते ते राहू दिले, कारण त्या फोटोंच्या कडेला काय काय येऊन बसलं होतं ते मलाच माहीत नव्हतं. लोह्याच्या फोल्डरमध्ये पीक कापणी प्रयोग झाल्यावर आम्ही हॉटेलवर बसलो तो फोटो आहे, पुढं काचेचे ग्लास. लोहा म्हणजे चहा. तिथं त्यांची गाडी दहा मिनिटं थांबायची. किनवटच्या फोटोत सकाळी शेकोटीभोवती कांबळी पांघरलेली माणसं आहेत. किनवट म्हणजे पांघरूण द्या.

माळेगावची तर फजिती झाली. आईच्या माहेरची माणसं बघायला आली होती. खोलीत खुर्च्या कमी पडल्या. त्यात सगळे मोठ्यानं बोलत होते. बोलता येत नाही त्या माणसाशी लोक मोठ्यानं का बोलतात कोण जाणे. बाबा म्हणाले, "माळेगाव." मामांनी मांडीवर थाप मारली. "वा रे वा! दाजींना यात्रा आठवली! घोडे बघायला जायाचो की आपण!" मी सवयीनं टीव्ही लावला. फोल्डर उघडला. माळेगावच्या यात्रेतली गर्दी, डोकीच डोकी. "हाव," बाबा मला म्हणाले, अगदी कळवळून. मला कळलं, आईला कळलं. पण पाहुण्यांना कसं सांगणार? ते आणखी तासभर यात्रेच्या गप्पा मारत बसले.

सगळंच जमलं असं नाही. भोकर ते दोन दिवस म्हणत होते. भोकरचे सगळे फोटो दोनदा दाखवले. कापूस, विहीर, तालुक्याचं ऑफिस, माझ्या मैत्रिणीचं घर. कशालाच हाव आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो नाद सोडला. भोकरचं काय होतं ते आम्हाला अजून माहीत नाही.

मी फोल्डरांच्या नावापुढं आकडे घातले, म्हणजे यंत्र त्यांना रस्त्याच्या क्रमानं लावील. जिथं माझी नोकरी झाली नाही त्या थांब्यांचे रिकामे फोल्डर केले. चाकूर रिकामं, चापोली रिकामं, हिमायतनगर रिकामं. आईला रिमोट शिकवला. तिनं डाव्या बाजूचं मोठं बटन आणि उजव्या बाजूचं मोठं बटन एवढंच शिकायला मान्यता दिली. ड्राइव्हची दुसरी नक्कल करून मी माझ्या पिशवीत ठेवली आणि जळकोटला हजर झाले.

जाताना मला खात्री नव्हती. चहा, पान, पांघरूण आणि गर्दी यांवर माणूस जिवंत राहत नाही. दुखतंय कुठं, हे सांगणारं गाव आम्हाला मिळालेलं नव्हतं. आईशी ठरवलं की महिनाभर बघायचं आणि नाही जमलं तर घर बंद करायचं. ती बरं म्हणाली, पण दारात निरोप द्यायला आली नाही.

महिना पुरा व्हायच्या आत एका सकाळी मी शिवारात असताना तिचा फोन आला. धाप लागलेली.

"बाई, तुझे बाबा सकाळपासून हिमायतनगर म्हणून राहिले."

हिमायतनगर रिकामं होतं. माझ्याकडं तिथला एकही फोटो नव्हता. "माय, पडद्यावर काही नाही त्यात. किनवट लावून बघ, इस्लापूर लावून बघ. मी निघते."

"अगं ऐक तर. तुझ्या डबीत न्हाई ते. मला ठावं हाय. मी रिक्षात बसलेव, दवाखान्यात निघालेव त्यांना घेऊन."

"कशावरून?"

"त्या काळी तिकडं रस्ता कच्चा होता. गाडीतनं आले की पाठीवर पडायचे अन् म्हणायचे, हिमायतनगरनं जीव घेतला. रात्री तेल लावून मीच चोळायची ना. आज आंगात ताप हाय. हात लावून बघितला, डाव्या बाजूला कंबरंच्या वर लागून राहिलं त्यांना."

मी बस धरून लातूरला पोचेपर्यंत तपासण्या झाल्या होत्या. लघवीत संसर्ग होता आणि तो मूत्रपिंडाकडं सरकत होता. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत. बाबांच्या हाताला सलाइन होतं आणि आई बाकावर बसून डब्यातली पोळी खात होती. मला बघून तिनं डबा पुढं केला. "सकाळपासनं उपाशी असशील. खा." मी खाल्लं. ती म्हणाली, "तू कशाला आलीस रजा टाकून? मी सांगितलं होतं की, मला ठावं हाय म्हणून."

त्यानंतर घर बंद करायचं नाव आमच्यापैकी कुणी काढलं नाही. मी एक-आड-एक शनिवारी जाते. वाचा-उपचारवाली मुलगी आता येते तेव्हा चित्रांचे कागद आणते. कप, कुलूप, घड्याळ. त्यात बाबांची प्रगती मंद आहे. कप दाखवला की ते तिच्याकडं बघून हसतात. आईचं नाव त्यांना अजून येत नाही.

मागच्या शनिवारी मी पोचले तेव्हा दारातूनच आवाज ऐकू आला.

"लोहा."

"झाला की दोन टायमाला लोहा. साखर किती वाढली डॉक्टरनं सांगितलं, ऐकलं न्हाई व्हय?"

"लोहा!" काठी फरशीवर आपटली.

"वरडू नका. गाडी फुल हाय. मागनं दुसरी येती, तिच्यात बसा."

मी चप्पल काढून आत गेले. बाबांनी माझ्याकडं बघितलं, तक्रार घेऊन आलेला पॅसेंजर साहेबाकडं बघतो तसं, आणि हातानं आईकडं बोट दाखवलं. मी म्हटलं, मी यात पडत नाही. पिशवी ठेवली आणि पाय धुवायला मोरीत गेले. बाहेर काठी आणखी एकदा आपटली. मग गॅस पेटल्याचा आवाज आला आणि आईचा,

"अर्धं तिकीट मिळंल. बिनसाखरेचं. जमत असंल तर बसा, न्हाईतर उतरा खाली."